पाव्हण्याचं मॅग्नेशियम

निपाणीला समुद्र नाही, आणि तो असायला हवा होता असं माझ्याआधी कुणाला वाटलंही नव्हतं. मला वाटलं ते बेळगावात, एका दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत भली मोठी काचेची टाकी, तिच्यात समुद्रासारखं खारं पाणी, पाण्यात जिवंत प्रवाळ आणि प्रवाळात लपाछपी खेळणारे नारिंगी मासे. तासभर मी ते तोंड उघडं टाकून बघत बसलो, त्यामुळे आत गेल्यावर डॉक्टरना वेगळं "आ करा" म्हणावं लागलं नाही. दाढ तिथं ठेवली आणि डोक्यात समुद्र घेऊन घरी आलो.

मी एका पी.यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, रसायनशास्त्र शिकवतो. बावीस वर्षं झाली. (हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं सांगायची लाज वाटेल.) घरात मी, बायको सुजाता आणि वडील, म्हणजे आप्पा. आम्ही जैन. पाण्यातला बारीकसा जीवही मरू नये म्हणून आमच्याकडे पाणी फडक्यातून गाळून घेतात, आणि दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. अशा घरात दोनशे लिटरची टाकी भरून जीव आणायचे म्हणजे आधी आप्पांची परवानगी हवी.

"जीव कोंडून ठिवायचा कशाला रं?" आप्पांनी विचारलं.

मी तयारीनं गेलो होतो. म्हटलं, ते दुकानात कोंडलेलेच आहेत. आपण त्यांना अभयदान देऊन मोठ्या घरात आणतोय. अभयदान म्हटल्यावर आप्पांचा आवाज खाली आला. त्यांनी दोन अटी घातल्या. माशांचं कसलंही मेलेलं खाणं आपल्या फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, आणि दिवस मावळल्यावर टाकीतही कुणी जेवायचं नाही. मी दोन्ही मान्य केल्या. संध्याकाळी साडेसहाच्या आत जेवून मोकळे होणारे समुद्री मासे जगात फक्त आमच्याच सोप्यात असावेत.

मासे आले, प्रवाळ आले आणि त्यांच्याबरोबर एक झिंगाही आला. हा शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारलाही नव्हता, त्यामुळे त्याला काय म्हणायचं हा प्रश्नच पडला. तांबडं अंग, पाठीवर पांढरा पट्टा आणि अंगापेक्षा लांब पांढऱ्या मिशा. त्याचं काम माशांच्या अंगावरची घाण वेचून त्यांना स्वच्छ ठेवायचं. आप्पांनी सहज पाण्यात बोट बुडवलं, तर तो तरंगत आला, बोटावर बसला आणि आप्पांचं नख साफ करायला लागला. चाळीस वर्षं तंबाखूच्या व्यापारात घालवलेल्या त्या बोटाची इतकी निगा आजवर कुणीच राखली नव्हती. आप्पा हललेच नाहीत. दहा मिनिटांनी म्हणाले, "लई गुणी पाव्हणं हाय." तेव्हापासून तो पाव्हणं.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानंतर आप्पा बोलायचे कमी झाले होते, आणि मला वाटायचं, वयामुळे असेल. पाव्हणं आल्यावर कळलं, त्यांना बोलायला माणूस नव्हतं. सकाळी देवळातून आले की खुर्ची टाकीजवळ ओढायची, बोट पाण्यात सोडायचं आणि गावातल्या सगळ्या घडामोडी पाव्हण्याला सांगायच्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या जमिनीची मोजणी झाली, तंबाखूला काय भाव फुटला. मी शेजारीच पेपर वाचत असायचो, पण मला यातलं काही सांगत नसत. (मी नखं साफ करत नव्हतो.)

एकदा पाव्हणं मेलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. खडकावर ते आडवं पडलेलं बघून आप्पा सकाळचं दूधही प्यायले नाहीत. दुपारी मी काढायला गेलो तर हाताला नुसतं पोकळ टरफल लागलं आणि खरं पाव्हणं खडकामागून मिशा हलवत बाहेर आलं. त्यानं कात टाकली होती. आप्पांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले, आणि कशाचे हे कुणालाही नीट सांगता आलं नाही.

आता मॅग्नेशियमकडे येतो. प्रवाळ आपलं हाड चुन्याचं बांधतो. तो चुना पाण्यात विरघळलेला राहावा म्हणून पाण्यात पुरेसं मॅग्नेशियम लागतं, लिटरमागं साधारण साडेतेराशे मिलिग्रॅम. ते कमी झालं की चुना पाण्यातून सुटून हिटरवर आणि पंपावर बसतो आणि प्रवाळ उपाशी राहतो. म्हणून दर रविवारी मोजायचं. मोजायची रीत अशी, की छोट्या बाटलीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात पूड घालायची, पाणी गुलाबी होतं. मग पिचकारीनं त्यात औषध थेंब थेंब सोडायचं. गुलाबीचं जांभळं होतं, जांभळ्याचं निळं होतं. स्वच्छ निळं झालं की थांबायचं, पिचकारीत किती उरलं ते बघायचं आणि तक्त्यात आकडा शोधायचा. लवकर थांबलं की आकडा कमी येतो. हेच मी बावीस वर्षं पोरांना सांगत आलोय, थांबायची घाई करू नका.

सहा महिने आकडा व्यवस्थित येत होता. श्रावणात मी टाकीवर नवे निळे दिवे बसवले. प्रवाळ निळ्या उजेडात असे काही खुलतात की बघत राहावं. तेवढ्यासाठी मी सोप्यातली ट्यूबही बंद ठेवायला लागलो. त्याच रविवारी मॅग्नेशियम एकदम हजार पन्नासवर आलं.

मी आकडा जरा मोठ्यानं वाचला. आप्पा पाव्हण्याशी बोलत होते, ते थांबले. म्हणाले, ती बाटली जरा दारात नेऊन बघ. तंबाखूचं पान म्हणे ते कधीही आत बसून बघत नसत. दारात आणायचं, उजेडात धरायचं, मगच रंग सांगायचा. आत बघून सौदा केला की माणूस फसतो.

मी म्हणालो, "आप्पा, ही तंबाखू न्हवं."

आप्पा पुन्हा पाव्हण्याकडे वळले. आजही हे वाक्य आठवलं की मला माझंच तोंड धरावंसं वाटतं.

मॅग्नेशियम वाढवायला मॅग्नेशियम सल्फेट लागतं. ते आमच्याकडे खतांच्या दुकानात पोत्यानं मिळतं, उसाचा पाला पिवळा पडला की टाकतात. दुकानदारानं विचारलं, किती एकर. मी म्हटलं, दोनशे लिटर. त्यानं मला आपादमस्तक बघितलं. शुद्ध आहे ना असं विचारल्यावर म्हणाला, "उसानं अजून तक्रार केल्याली न्हाय." मी शिक्षक माणूस, मला शुद्धच हवं. बेळगावला जाऊन प्रयोगशाळेच्या दर्जाचं दोन किलो आणलं आणि अर्धा किलो पाण्यात विरघळवून हळूहळू टाकीत सोडलं.

दोन-तीन दिवसांनी मोजलं. अकराशे! अर्धा किलो पोटात घालूनही समुद्र उपाशीच. पुन्हा अर्धा किलो. पुन्हा मोजलं, पुन्हा अकराशे. मला काळजी वाटण्याऐवजी अभिमान वाटायला लागला, की माझे प्रवाळ किती खातात बघा. स्टाफरूममध्ये मी त्यावर बोललोही. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "सर, किती वाढले?" मी म्हटलं, अजून दिसत नाही, पण आतून वाढत असणार.

तिसरा अर्धा किलो टाकला आणि काचेवरचं शेवाळ खायला आणलेल्या गोगलगायी खाली पडायला लागल्या. मी त्या सरळ करून ठेवायचो, त्या पुन्हा उताण्या व्हायच्या. प्रवाळ मिटून बसले. मासे तेवढे नेहमीसारखे पळत होते. मी निदान केलं, मॅग्नेशियमची तीव्र कमतरता. आणि चौथा अर्धा किलो टाकला.

याच सुमारास आक्का आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, सदलग्याला दिलेली. चातुर्मासासाठी आमच्या गावात मुनिमहाराज थांबले होते आणि त्यांना आपल्या हातानं आहार द्यायचा ही आक्काची फार वर्षांची इच्छा. त्यासाठी घरात सगळं शुद्ध लागतं. आक्कानं आल्या आल्या स्वयंपाकघर धुतलं, भांडी वेगळी काढली आणि घरातलं सगळं पाणी गाळून त्यात लवंगेची पूड टाकली. तसं केलं की पाणी प्रासुक होतं, काही तास त्यात नवा जीव पडत नाही. परसातल्या पिंपात मी टाकीसाठी शुद्धीकरणाच्या यंत्राचं गोडं पाणी भरून ठेवलं होतं. तेही तिनं गाळलं आणि चार लवंगा कुटून त्यात टाकल्या. तिनं मला सांगितलंही असेल. मी तेव्हा पिचकारीतले थेंब मोजत होतो. आटलेलं पाणी भरून काढायला मी त्याच पिंपातला तांब्याभर टाकीत ओतला आणि कॉलेजला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव्हणं खडकाच्या बुडाशी आडवं पडलं होतं.

मी हात घालायला गेलो, तर आप्पांनी मनगट धरलं. म्हणाले, "कात टाकली असंल. दम धर." आम्ही दम धरला. आप्पा दिवसभर खुर्ची हलवेनात. बोट पाण्यात सोडून बसले. मधूनच खडकामागं वाकून बघायचे, आणि मी मधूनच त्यांच्याकडे बघायचो. दुसऱ्या दिवशीही खडकामागून कुणी आलं नाही. तेव्हा आप्पांनी स्वतः हात घालून त्याला उचललं, ओंजळीत धरून परसात नेलं आणि जास्वंदीच्या बुडात पुरलं. वर णमोकार मंत्र म्हटला. मला रडू आलं. झिंग्यासाठी रडणारा जैन माणूस पंचक्रोशीत मीच पहिला असेन, पण आलं.

रडून झाल्यावर मी गुन्हेगार शोधायला निघालो. माझ्या मोजमापात चूक असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे शोध घराच्या बाकीच्या भागात सुरू झाला. परसात पिंपाचं झाकण काढलं आणि नाकात लवंगेचा वास शिरला!

मग मी जे केलं ते सविस्तर सांगतो, म्हणजे मलाही जरा शिक्षा होईल. मी आक्काला सोप्यात बोलावलं आणि उभं करून वर्गात शिकवतो तसं शिकवलं. लवंगेत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. लवंगेच्या तेलानं माशांना गुंगी आणतात. जास्त झालं तर ते मरतात. फोनवर तसं लिहिलेलं होतं, तेही वाचून दाखवलं. सगळं खरं होतं. फक्त चार लवंगा म्हणजे बाटलीभर तेल नव्हे, तांब्याभर पाणी म्हणजे पिंपभर नव्हे, आणि लवंगेनं आधी मासे गुंगायला हवे होते, एवढंच मी लक्षात घेतलं नाही. मासे माझ्या मागे टाकीत हुंदडत होते.

आप्पा हळूच म्हणाले, "माशास्नी काय झाल्यालं दिसत न्हाय की रं."

मी म्हणालो, होईल.

आक्काचा चेहरा उतरला होता. आयुष्यात मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चाललेली बाई ती. तिनं एकच विचारलं, "म्हंजे माझ्या हातनं जीव गेला व्हय रं?"

मी म्हणालो, "व्हय."

तिनं लवंगेचा डबा सुजाताच्या हातात दिला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी महाराज आमच्या गल्लीतून आहाराला निघणार होते. दारात उभं राहून बोलावलं तरच महाराज घरात येतात, पण आक्का दारात उभी राहिलीच नाही. ज्या हातानं हत्या झाली त्या हातानं आहार कसा देऊ, म्हणाली. महाराज आमच्या दारावरून पुढं गेले. मग तिनं देवळात जाऊन प्रायश्चित्त म्हणून तीन उपास घेतले, जन्मभर लवंग न खाण्याचा नियम घेतला आणि एस.टी.नं सदलग्याला गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो आणि वाटेत म्हणालो, जाऊ दे, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. किती मोठ्या मनाचा मी!

आठवड्यानं आप्पा म्हणाले, ते तुझं मॅग्नेशियम बघायचं सामान दे इकडं. मी दिलं. ते बाटली घेऊन उठले आणि सकाळच्या उन्हात, दारात, उंबऱ्यावर जाऊन बसले. मी वाकून पूड घातली, त्यांनी पिचकारी धरली. मी मदतीला हात पुढं केला, तर त्यांनी कोपरानं मला बाजूला केलं. एकेक थेंब पडायला लागला. ज्या ठिकाणी मी दर वेळी थांबलो होतो ती खूण आली. उन्हात पाणी चक्क गुलाबी होतं. जांभळंसुद्धा नव्हतं! थेंब पडत राहिले. पिचकारी संपली, तक्ताही संपला, तो पंधराशेच्या पुढं जातच नाही.

"हे सरलं की रं," आप्पा म्हणाले. "अजून गुलाबीच हाय."

मी पिचकारी पुन्हा भरून दिली. दुसरी पिचकारी अर्धी झाल्यावर पाणी निळं झालं, असं स्वच्छ निळं की कुणीही ओळखावं. बावीसशेच्या वर. माझी टाकी कधी उपाशी नव्हतीच. निळ्या दिव्याखाली मला गुलाबी पाणी वेळेआधीच निळं दिसत होतं आणि मी बिचाऱ्या समुद्राला अर्ध्या-अर्ध्या किलोनं खाऊ घालत होतो. इतक्या मॅग्नेशियमनं गोगलगायी आणि झिंगे सुस्त होतात, हलेनासे होतात, आणि मग कायमचे थांबतात. हेही फोनवर लिहिलेलं होतं. मी लवंगेचं पान उघडलं होतं, हे उघडलं नव्हतं.

आप्पांनी बाटली धुतली, पुसली, डब्यात ठेवली. मला वाटलं, आता ते तंबाखूचं काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आक्काला सांग."

पाणी मी बदललं. चार दिवसांत प्रवाळ उघडले, उरलेल्या गोगलगायी काचेवर चढल्या. आक्काला सांगणं मात्र होईना. दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तिनं आधी विचारलं, जेवलास काय, आणि मी हो म्हणून ठेवून दिला. भाद्रपदातलं पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. या दिवशी आम्ही एकमेकांची वर्षभरातल्या चुकांबद्दल क्षमा मागतो. मी सकाळीच हात जोडलेल्या चित्राचा मेसेज दीडशे लोकांना पाठवला. त्यात गॅस सिलिंडरवाला होता, दाताचा डॉक्टर होता, आक्काही होती. तिच्याकडून उलट हात जोडलेले आले. मला वाटलं, झालं.

सुजाता म्हणाली, "क्षमा अशी फारवर्ड करत्यात व्हय?"

मी गाडी काढली आणि बोरगाववरून सदलग्याला गेलो. आक्का सोप्यात शेंगा फोडत बसली होती, शेजारी भावजी पेपर वाचत होते. मी चहाही न घेता सगळं सांगितलं. निळे दिवे, गुलाबी पाणी, आप्पांनी दारात बसून केलेलं मोजमाप, बावीसशे. हेही सांगितलं की तुझ्या चार लवंगांनी एक मुंगीही मेली नसती. म्हणालो, "आक्का, पाव्हणं माझ्या हातनं मेलं. मला क्षमा कर."

आक्का सगळं नीट ऐकत होती. मग म्हणाली, "आप्पानं पाठवलं व्हय तुला? मला बरं वाटावं म्हनून?"

"न्हाय गं. खरंच माझं चुकलं."

"तू एवढा शिकल्याला. पोरांस्नी तेच शिकवतोस. तुझं कसं चुकंल?"

मी शपथ घेतली. पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पण तिला माझा पहिलाच तास पाठ झाला होता. युजेनॉल हा शब्द तिनं मलाच न अडखळता म्हणून दाखवला. बावीस वर्षांत माझं शिकवणं इतकं कुणाच्याही डोक्यात पक्कं बसलं नव्हतं.

"आज क्षमावाणी हाय," ती म्हणाली. "आज तरी माझ्यासाठी खोटं बोलू नगंस."

मग ती उठली. मांडीवरची टरफलं झटकली, डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. मला कडेवर घेऊन फिरवलेली माझी थोरली बहीण. म्हणाली, "तुझ्या घरात माझ्या हातनं जीव गेला. आप्पाचं पाव्हणं गेलं. मला क्षमा कर." मी नको नको म्हणत तिचे हात खाली करायला गेलो, पण ती हात सोडेना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भावजी पेपरवरून बघत म्हणाले, या दिवशी कुणी क्षमा मागितली तर नाही म्हणू नये, बाईमाणूस किती वेळ उभी राहणार.

आणि मी, सदलग्याला क्षमा मागायला गेलेला माणूस, आक्काला क्षमा करून परत आलो!